आखाजीच्या दुपारचं रक्त

डबा उघडायच्या आधीच मला वास आला. लॅबचं दार ढकललं, आणि स्पिरिट, फिनेल, काल उकळलेल्या ॲसिडचा आंबूस दर्प, ह्या सगळ्याच्या खालून तो वर आला: खापरावर भाजलेल्या मांड्याचा, गुळाचा, वेलदोड्याचा. हातात स्कूटीची किल्ली तशीच धरून मी दारातच उभी राहिले. माझ्या टेबलावर, नळ्यांच्या स्टँडला अगदी खेटून, स्टीलचा मोठा डबा होता, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. भिंतीकडच्या बाकावर धोंडाबाई मावशी आणि सहादू नाना. दोघंही गुडघे जुळवून, अंग चोरून बसलेले, जसं काही बाक कुणा दुसऱ्याच्या मालकीचं आहे. "उनी का माय," मावशी उठलीच. "पहिल्या एस्टीनं निघनूत आम्ही. वाचमननं आत बसाडं. तुनासाठे मांडा आणेल शेत." लॅबमध्ये खाण्याची वस्तू आणायची नसते, हे मी दरवर्षी नव्या पोरांना ओरडून सांगते. एकदा तर एका मुलीचा वडापाव मी स्वतः कचऱ्यात टाकला होता. मावशीला मात्र मी म्हटलं, "कशाला त्रास घेतला?" आणि डबा होता तिथंच राहू दिला.

नानांना मीच बोलावलं होतं. फोनवर म्हटलं, पुन्हा एकदा रक्त बघू, उपाशीपोटी या, पाण्याशिवाय काही घेऊ नका. का, कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे. ही माणसं विचारत नाहीत ना, त्याचाच मला राग येतो. चार शिव्या घातल्या तर बरं वाटेल, तर ही मांडे घेऊन येतात! मी ॲप्रन चढवला, हातमोजे घातले, नानांची बाही वर सारली. दंडाला पट्टा बांधताना खांद्यावर नजर गेली. आखाजीच्या सणाला त्यांच्या गावात रक्त घेतलं तेव्हा त्याच खांद्यावर फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याचा वळ पाहिला होता, गुळगुळीत, जुना. आता त्यावर नवी साल निघालेली, लालसर. "हमाली," नाना म्हणाले. "मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतो. फवारणी सोडी ना, मंग काय करतो?" रक्त नळीत उतरताना ते दुसरीकडे बघत होते. मी बघत होते नळीकडे. मग दुसरी सुई फोडली आणि आरशात बघून कुंकू लावावं तितक्या सवयीनं स्वतःचंही रक्त काढलं. मावशी हबकली. "तुनं कसाले वं?" मी म्हटलं, "जोडीला लागतं." ते खोटं नव्हतं. एकाचं रक्त एकटं काहीच सांगत नाही, शेजारी दुसऱ्याचं लागतं.

दोन्ही नळ्या लगेच बर्फात ठेवल्या. लगेच. हा शब्द मी मनात दोनदा म्हटला. मग मशीनमध्ये गरगर फिरवायला लावल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मावशीला वाटत असेल, पोरगी काय काय शिकली, केवढाली यंत्रं चालवते. मी नाशकातल्या एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, चाळिशी ओलांडल्यावर पीएचडी करायला घेतली, आणि विषय घेतला आमच्याच बागलाणातला. डाळिंबाच्या बागांत पाठीवर पंप घेऊन औषध फवारणाऱ्या माणसांच्या रक्तावर त्या औषधाचा काय परिणाम होतो. रक्तात चरबी असते, त्या चरबीला ऑक्सिजन भिडतो आणि ती बिघडते. शरीराची झीज, रोग, विष, सगळ्यात हे बिघडणं वाढतं. त्या बिघडलेल्या चरबीतून एक पदार्थ सुटतो, त्यात आमचं रसायन घालून उकळलं की गुलाबी रंग येतो. जितकं जास्त गुलाबी, तितकं जास्त बिघडलेलं. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं होतं, ती शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होती तेव्हा. ती म्हणाली, "म्हंजे माणूस खवट होतो." बस. माझ्या प्रस्तावनेची एवढी पानं, आणि आईनं एका शब्दात गुंडाळली. ती खोबऱ्याची वाटी नाकाशी नेऊन बघायची, शेंगदाण्याचा एक दाणा जिभेवर ठेवायची आणि अख्खा डबा बाजूला काढायची. ती गेली आणि सटाण्याच्या घराला कुलूप लागलं. भाऊ पुण्याला. माहेर म्हणावं असं काही राहिलं नाही. ह्याचं मी फार दुःख केलं नाही, नोकरी होती, मुलांच्या परीक्षा होत्या, नवऱ्याच्या, मयुरेशच्या बदल्या होत्या. दुःख करायला सवड लागते.

आणि मग ती आखाजी. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. मी तो दिवस मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी फवारणीवाले घरी सापडतात, एरवी पहाटेच बागेत पांगतात. हुशारीच केली होती म्हणा ना. ज्यांचा औषधाशी संबंध नाही, अशा घरी बसणाऱ्या माणसांचं रक्त मी आदल्या आठवड्यात घेऊन गेले होते, भल्या पहाटे, आणि थेट नाशकात येऊन फ्रीजरमध्ये टाकलं होतं. आखाजीला फवारणीवाल्यांची पाळी. नानांच्या गावात, शाळेच्या ओट्यावर सगळ्यांचं रक्त काढून झालं, नळ्या थर्माकोलच्या पेटीत बर्फावर लागल्या, पेटी गाडीत गेली. ड्रायव्हरनं गाडी निंबाच्या सावलीत लावली होती. निघायचंच होतं. तेवढ्यात नानांनी सहज विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, सटाण्याच्या. कोणाच्या? मी वडिलांचं नाव सांगितलं. झालं! वडिलांची कांद्याची अडत होती, नानांनी तिथं गोण्या वाहिल्या होत्या म्हणे तरुणपणी. मावशी घरातून तशीच पिठाच्या हातांनी आली. "आखाजीना दिन, आणि माहेरवाशीण उपाशी जाई? मना दारवरथून?" मी म्हटलं, मावशी, उशीर होतोय, बर्फ आहे, रक्त आहे. ती म्हणाली, "रक्त काय पळी जाई का?"

मशीन थांबलं. वरचा पिवळसर भाग हलक्या हातानं काढून घेतला, नानांचा आणि माझा. त्यात ॲसिड, त्यात रसायन. झाकणं लावली आणि नळ्या उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. आता थांबायचं. मी मावशीला म्हटलं, नानांचं रक्त काढून झालंय, त्यांना कॅन्टीनमध्ये काहीतरी खाऊ घाला. ती म्हणाली, "रिपोट येऊ दे, मंग." म्हणजे तीही सकाळपासून उपाशी होती. रक्त नानांचं, उपास दोघांचा. पाण्यातून बुडबुडे येत होते, आणि मी डब्याकडे पाहायचं नाही असं ठरवून डब्याकडेच पाहत होते.

मी मुळात खादाड. पण त्या दिवशी जे झालं त्याला खादाडपणा म्हणून सुटका नाही. ओसरीवर पाट मांडला होता, समोर मांडा, घडी घातलेला, हातात धरला तर पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि वाटीभर आमरस. दोन घास खाऊन उठायचं असं ठरवलं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि माझा हातच थांबेना. आई करायची तस्सा. पुरणात किंचित जायफळ, कडेला जरा करपलेला. मावशी वाढत गेली, मी नको म्हटलं नाही. ड्रायव्हरही पंगतीला बसला होता. मग मावशीनं ओटी भरली, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, एक खण, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, येडीसारखं. ती म्हणाली, "जरा पाठ टेक. ऊन केवढं शे." आतल्या खोलीत बाज होती, गार जमीन शेणानं सारवलेली. मी म्हटलं, पाच मिनिटं. आणि मी झोपले. जेवले हे मी स्वतःशी कबूल करत आले होते, जेवणाला कुणी नावं ठेवत नाही. झोपले हे मात्र मनातसुद्धा धड म्हणत नव्हते. आई गेल्यापासून मी तशी झोपलेच नव्हते. कुणीतरी विंझण्यानं वारा घालत होतं, दूर कुठं तरी पोरं ओरडली आणि कुणी तरी त्यांना दटावलं, आणि मला वाटलं आपण शाळेतून आलोय, दप्तर ओसरीवर आहे. जाग आली तेव्हा दारातलं ऊन आडवं झालं होतं. निंबाची सावली केव्हाच सरकून गेली होती आणि गाडी भर उन्हात उभी होती. पेटी उघडली. बर्फाचं पाणी झालेलं, त्यात नळ्या तरंगत होत्या. पाण्यात बोट घातलं. कोमट. तान्ह्या बाळाला अंघोळ घालता येईल असं कोमट.

शरीराबाहेर काढलेलं रक्त गरम राहिलं की ते नळीतल्या नळीत खवट होतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथल्या तिथं पेटी ओतून टाकायला हवी होती. मी काय केलं? कोपऱ्यावरच्या रसवंतीवरून बर्फ घेतला आणि वरून ओतला. वर बर्फ, आत कोमट. नाशकापर्यंतच्या सगळ्या वाटेत मी स्वतःला सांगत होते, चालतंय, एवढ्यानं काही होत नाही. ओटीचे तांदूळ मांडीवर होते.

मग रंग आला. फवारणीवाल्यांच्या नळ्या अशा गुलाबी झाल्या, जणू गुलकंद कालवलाय. घरी बसणाऱ्यांच्या फिकट. वेणीमाधव सर, माझे गाइड, धावत आले. सरांचं घराणं पंचवटीतलं, रामकुंडावर यजमानांची पिंडदानं सांगणारं. सरांनी ते सोडलं, पण यजमानाला आशीर्वाद देतात तो आवाज काही सोडला नाही. "उज्वला, जिंकलीस!" म्हणाले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सरांनी पाठीवर थाप मारली आणि मी हसले. आणि त्याच संध्याकाळी नानांचा फोन आला, सहज, आमच्या रक्ताचं काय झालं म्हणून. माझ्या अंगात सरांची थाप होती. मी म्हटलं, "नाना, तुमचा आकडा सगळ्यांत जास्त आला. ते औषध तुमचं रक्त नासवतंय." बोलताना माझा आवाज कसा होता ते मला आठवतं, आनंदी होता. मग नाना म्हणाले, "बरं माय." दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. पन्नाशी उलटल्यावर गोण्या उचलायला गेले. हे मला मावशीनं फोनवर सांगितलं, वर म्हणाली, तू व्हती म्हणून समजलं, देव तुनं भलं करो. तेव्हापासून मला मांडा, गूळ, वेलदोडा, कशाचाही वास आला की हात धुवावेसे वाटतात.

कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? ते औषध विषच आहे, माणूस त्यातून सुटला. मीही हेच म्हणून पाहिलं. स्कूटीवर, सिग्नलला, भाजी निवडताना म्हणून पाहिलं. पण ते विष नानांच्या रक्तात किती उतरलं होतं हे मला माहीत नाही ना! मी ते मोजलंच नाही. मी माझी झोप मोजली.

नळ्या बाहेर काढल्या, गार केल्या, पुन्हा फिरवल्या. रंग मोजायच्या मशीनमध्ये लावायच्या आधीच डोळ्यांना दिसलं. नानांची नळी फिकट. माझ्या नळीच्या शेजारी धरली तर सख्ख्या बहिणी. मशीननं तेच सांगितलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. मी बाकासमोर स्टूल ओढून बसले. "नाना, कमी आहे. माझ्याइतकंच आहे." मावशीनं दोन्ही हात कपाळाला लावले, कुठल्या देवाला ते कळलं नाही. नानांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "म्हंजे फवारणी सोडी त्याना गुण उना!"

बघा. वाट आयती चालून आली. मला फक्त होकाराची मान हलवायची होती. आखाजीचा आकडाही खरा, आजचाही खरा, मधे नानांची हमाली. सरांना हे कळलं तर नाचतील, आणखी एक पेपर होईल. आणि कुणी सांगावं, असेलही खरं. तेव्हा खरोखरच जास्त असेल, आता खरोखरच उतरलं असेल. आता ते कुणालाच कधी कळणार नाही. देवाला विचारलं तरी देव म्हणेल, नळी उन्हात होती. मी मान हलवली. हो, हलवली, किंचित.

"मंग ताई," नाना पुढे सरकले, लाजत, खांदा चोळत, "आते रक्त साफ व्हयी गयं, तं परत धरू का पंप? डाळिंबवाला मालक बलाई राहिना. गोणी आते झेपत नही."

मला पळून जावंसं वाटलं. हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या मान हलवण्यातून त्यांच्या पाठीवर परत पंप चढत होता. मी म्हटलं, "नाना, थांबा." आणि मग सांगितलं. आखाजीला तुमच्याकडे जेवले. मग झोपले. गाडी उन्हात राहिली, बर्फ वितळला, रक्त नळीतच नासलं. तो मोठा आकडा तुमचा नव्हता, माझा होता. तुम्हाला मी उगाच घाबरवलं. सगळं त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, लहानपणीची अहिराणी तोंडात येईना, मधेच पुस्तकी मराठी, मधेच इंग्रजी शब्द. सरांना सांगायचं ते आज सांगेनच, ते सोपं आहे, फार तर ओरडतील, आणि त्या दिवसाच्या सगळ्या नळ्या बाद होतील. ह्या दोघांच्या तोंडाकडे बघून बोलणं कठीण होतं.

मला वाटलं नाना आता चिडतील. चिडा ना एकदाचे! पण बोलली मावशी, हळूच. "डायवर उना व्हता तुले उठाडाले. दोनदा उना. म्हणे, ताईले उठवा, गाडीले ऊन लागी राहिनं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्याले मीच सांगं, लेक झोपेल शे, उठाडू नको. मीच परत धाडं त्याले." ड्रायव्हर मला कधी बोलला नव्हता. विंझणा कोण हलवत होतं, पोरांना कोण दटावत होतं, ते तर मला ठाऊकच होतं. "मावशी, तुझा काय दोष? अगं, माझं काम होतं ते, माझं!" मी तिचा हात धरायला गेले तर माझ्या हातात मोजे होते. ती मान हलवत होती, लहान मुलाला समजवावं तशी मलाच समजवत. "नही माय. रक्त पळी जाई का, असं मीच म्हणनू व्हतू. माले काय ठाऊक, ते ठेवलं का नासतं?"

नाना उठले. बाही खाली केली, बटण लावलं. "मंग आते फवारू का नको?" रागानं नाही, खरोखरच विचारत होते. मी म्हटलं, "नका फवारू, नाना." "रक्त बिघडनं व्हतं का नही?" "ते मला माहीत नाही." "माहीत नही," ते म्हणाले, आणि जरा हसले, त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. "मंग कसावरथून नको म्हणतीस, माय?" माझ्याकडे उत्तर होतं. मी पुस्तकातली दहा कारणं देऊ शकले असते, तोंडावर फडकं बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करून फवारा. त्यातलं काही काही मी बोललेही. ते मान डोलावत होते, एस्टी स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर उभा माणूस डोलावतो तशी. मला कळलं की ते सोमवारी पंप घेणार. माझा शब्द त्यांनी एकदा पाळला होता, परत पाळायचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

"चला, एस्टी सापडी," नाना म्हणाले. मी म्हटलं, निदान जेवून जा, कॅन्टीन आहे खाली, मी येते. मावशी टेबलाशी गेली होती. ती नळ्यांच्या स्टँडकडे बघत होती, त्या दोन फिकट नळ्यांकडे, आणि त्यांना खेटून असलेल्या डब्याकडे. मग तिनं डबा दोन्ही हातांनी उचलला, जपून, नळीला धक्का लागू न देता, आणि छातीशी धरला.

"मावशी, राहू दे ना तो," मी म्हटलं. "माझ्यासाठी आणलाय ना?"

"आठे नको," ती म्हणाली. "आठे आखो काही नासी जाई."

मी तिला सांगू शकले असते की तसं नसतं, तुझ्या मांड्यानं काही नासत नाही, कधीच नासलं नव्हतं. पण ती दारापर्यंत गेलीही होती, नाना पुढे, ती मागे, फडक्याची गाठ घट्ट करत. वास मात्र लॅबमध्ये तसाच राहिला. मी मोजे काढले, हात धुतले, परत धुतले, आणि खरं सांगते, मला भूक लागली होती.